दत्तक गावांच्या वाटेवर

काशीला जाणाऱ्या मराठी माणसाची वाट ठरलेली असते. पहाटे दशाश्वमेध, मग विश्वनाथ, अन्नपूर्णा, काळभैरव. मणिकर्णिकेवर अहिल्याबाईंचं नाव काढून हात जोडायचे, संध्याकाळी आरतीसाठी होडी ठरवायची आणि दुसऱ्या दिवशी प्रयागराजकडे निघायचं. शहरापासून वीसेक किलोमीटरवर ही वाट राजातालाब नावाच्या गावावरून जाते. तिथं यात्रेकरू उतरत नाही, कारण पाहण्यासारखं काही नाही. एक रेल्वे स्टेशन, तहसील कचेरी, भाजीचा मोठा बाजार, दुतर्फा मोबाइलची, खताची आणि लग्नपत्रिकांची दुकानं. धड गाव नाही आणि धड शहर नाही, अशा वस्तीला तिकडे 'कसबा' म्हणतात. आपल्याकडचं तालुक्याचं ठिकाण डोळ्यांपुढे आणा, म्हणजे झालं.

पण या कसब्याच्या आसपासच्या गावांत एक प्रश्न गेली सत्तर वर्षं निरनिराळ्या रूपांत विचारला जातोय: गाव चालवायचं कोणी? विनोबांनी तो इथं विचारला, विणकरांनी विचारला, आणि देशाच्या पंतप्रधानांनी इथलीच गावं दत्तक घेतली तेव्हा तो पुन्हा निघाला. घाटांवर मन भरल्यावर मी मुद्दाम त्या गावांकडे गेलो. थंडीचे दिवस होते आणि नुकतीच संक्रांत झाली होती.

कँट स्टेशनाजवळून राजातालाबला बस मिळते, पण शेअर ऑटोत बसलं तर माहिती फुकटात मिळते. लहरतारा, मंडुवाडीह (या स्टेशनाचं नाव आता 'बनारस' झालंय), रोहनिया, मोहनसराय. मोहनसरायपर्यंत शहर संपतच नाही, मॅरेज लॉन आणि खासगी शाळांच्या पाट्या सोबत येत राहतात. त्यानंतर मोहरीची पिवळी शेतं लागतात, वीटभट्ट्यांची धुरांडी लागतात, आणि विजेच्या प्रत्येक खांबावर एक फलक असतो. तिकडे संक्रांतीला 'खिचडी' म्हणतात. 'समस्त ग्रामवासियों को खिचड़ी की हार्दिक शुभकामनाएँ', खाली हात जोडलेला फोटो आणि नावापुढे 'भावी प्रधान'. आपल्या 'भावी सरपंचां'चे हे सख्खे भाऊ. एका फलकावर बाईंचं नाव मोठ्या अक्षरात होतं, त्यांचा फोटो टिकलीएवढा आणि शेजारी त्यांच्या यजमानांचा फोटो चांगला हातभर. ऑटोवाल्याला म्हटलं, उमेदवार कोण? तो म्हणाला, "सीट महिला है बाबूजी, प्रधानी तो प्रधानपति करेंगे." यात त्याला काही वावगं वाटत नव्हतं. सरपंचपती नावाची जमात पाहत आलेल्या मराठी माणसानं तरी का आश्चर्य करावं!

गाडी खड्ड्यांतून चालली आहे तोवर तिथली रचना सांगून टाकतो. उत्तर प्रदेशात गावाचा प्रमुख म्हणजे प्रधान, थेट लोकांनी निवडलेला. आपला ग्रामसेवक तो तिथला 'सचिव', तलाठी तो 'लेखपाल', रेशन दुकानदार तो 'कोटेदार'. ग्रामसभेला लोक 'खुली बैठक' म्हणतात. कायद्यानं ती वर्षातून दोनदा व्हायला हवी, एक खरिपानंतर आणि एक रब्बीनंतर. महाराष्ट्रात ती किमान चारदा घ्यावी लागते. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या तारखा आपल्याला त्यामुळेच पाठ. ७३वी घटनादुरुस्ती दोन्ही राज्यांना एकच, २४ एप्रिल १९९३ पासून लागू झालेली. पण कागदावरची सभा आणि झाडाखाली भरलेली सभा यांतलं अंतर दोन्हीकडे मोठं आहे, आणि मला पाहायचं होतं ते हेच अंतर.

राजातालाबला उतरलो तेव्हा भाजीबाजाराचा भर ओसरत आला होता. हिरव्या मिरचीचे ढीग निवडत बायका बसल्या होत्या. बोटं विळ्यासारखी चालत होती आणि गप्पांना खंड नव्हता. इथली भाजी थेट आखाती देशांपर्यंत जाते. नाशवंत मालासाठी २०१८ मध्ये इथं शीतगृहाची सोय असलेलं मालकेंद्रही उभं राहिलं. चहा मातीच्या कुल्हडात आला, त्याला तिकडे 'पुरवा' म्हणतात. दुकानदाराला म्हटलं, मेहदीगंजला कसं जायचं? त्यानं उलट विचारलं, "कोक वाला मेहदीगंज?"

गावाला ही ओळख चिकटली त्याला आता वीस वर्षांहून अधिक काळ झाला. महामार्गाला लागून मेहदीगंजमध्ये शीतपेयाचा कारखाना आहे. १९९९ मध्ये तो कोका-कोला कंपनीकडे आला. २००० नंतरच्या काही वर्षांत आसपासच्या गावांत विहिरी आटू लागल्या, हातपंप कोरडे पडू लागले आणि लोकांचा रोख कारखान्याच्या कूपनलिकांकडे वळला. पाणी कमी होण्याला आपण कारण नाही, आपला उपसा एकूण उपशाच्या मानानं थोडा आहे, असं कंपनीचं म्हणणं कायम राहिलं. पण लोक थांबले नाहीत. मोर्चे निघाले, धरणी झाली, पोलिसांच्या लाठ्या बसल्या. या सगळ्याच्या मध्यभागी 'लोक समिती' ही संघटना होती आणि तिचे संयोजक नंदलाल मास्टर. गावातल्या मुलांना शिकवता शिकवता 'मास्टर' हे नावाचाच भाग झालेला माणूस. पुढारी म्हटल्यावर पांढऱ्या गाडीतून उतरणारा जो माणूस आपल्या डोळ्यांपुढे येतो, त्या जातीतला तो नव्हे.

या लढ्याचा निकाल सिनेमासारखा लागला नाही. जून २०१४ मध्ये राज्याच्या प्रदूषण नियंत्रण मंडळानं कारखाना बंद करण्याचा आदेश दिला. राष्ट्रीय हरित लवादाकडून कंपनीला दिलासा मिळाला आणि उत्पादन पुन्हा सुरू झालं. मात्र त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कंपनीनं तिथल्या विस्ताराचा बेत सोडून दिला. २०१५ च्या अखेरीस आसपासच्या १८ ग्रामपंचायतींनी सरकारला लिहून कळवलं की कारखान्याचा भूजल उपसा थांबवा. मला सगळ्यात महत्त्वाची गोष्ट वाटते ती ही. मोर्चाला माणसं ट्रॅक्टरवर घालून आणता येतात. १८ पंचायतींची सही-शिक्क्याची पत्रं आणायची तर १८ प्रधान, त्यांचे सचिव आणि प्रत्येक गावातले दोन-तीन तट यांच्या दारी जाऊन बसावं लागतं. ते काम फोटोत येत नाही.

रस्त्याच्या आत एका वस्तीत वयस्कर चाचा भेटले. अंगणात चापाकल, म्हणजे हातपंप, आणि बाजूला बुजत आलेली जुनी विहीर. त्यांनी विहिरीची दोरी दाखवली. मूळ दोरीला जोड, जोडाला आणखी जोड, प्रत्येक जोडाची गाठ वेगळ्या सुतळीची. पाणी खाली गेलं तशी दोरी वाढवत नेलेली. शेवटच्या जोडाला तर घरातल्या जुन्या साडीचा पीळ होता. पुढे चापाकल आला आणि दोरी खुंटीला गेली. मी विचारलं, कारखान्याचा उपसा सगळ्यांना दिसतो, पण शेतांत ज्या बोअरवेल आहेत त्यांचं काय? त्यावर कधी खुली बैठक बसली का? चाचा हसले. "बाबूजी, कंपनी से लड़ना आसान है. पट्टीदार से कौन लड़े?" पट्टीदार म्हणजे भाऊबंद, ज्याच्या बांधाला आपला बांध लागतो तो. चाचांच्या या एका वाक्यात गावकीचं अर्धं शास्त्र आलं. बाहेरच्या शत्रूविरुद्ध गाव एक होतं, त्यातून नेतृत्वही तयार होतं. पण आपल्याच उपशाला वेसण घालायची वेळ आली की त्या नेतृत्वाची खरी परीक्षा लागते.

मला तिथं हिवरे बाजार आठवलं. पोपटराव पवार १९८९ मध्ये सरपंच झाले तेव्हा ते गाव दारू, भांडणं आणि स्थलांतर यांसाठीच ओळखलं जाई. पुढे त्या गावानं पाणलोटाची कामं केली, हे सगळ्यांना माहीत असतं. अवघड काम होतं ते वेगळंच. शेतीसाठी बोअरवेल घ्यायची नाही, ऊस-केळीसारखी पिकं घ्यायची नाहीत आणि दर वर्षी पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेपुढे मांडून त्याप्रमाणे पिकं ठरवायची, हे त्या गावानं स्वतःवर लादून घेतलं. भाऊबंदांशी लढण्याऐवजी भाऊबंदांनाच सभेत बसवलं. मेहदीगंजच्या लढ्याला हे कमीपणा आणत नाही. तिथला शत्रू मोठा होता आणि पाऊस-पाण्याचा हिशेबही वेगळा. गंगेच्या गाळाच्या जमिनीत पाणी कुठून आलं आणि कुठे गेलं हे माळरानासारखं डोळ्यांना दिसत नाही. तरी दोरीच्या त्या गाठी पाहताना ही तुलना मनातून जाईना.

मेहदीगंजहून नागेपूर जवळच आहे. गावात शिरलात की आधी आवाज येतो: खट-खटाक, खट-खटाक. हातमाग. बनारसी साडीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण साडी म्हटल्यावर आपल्याला मदनपुरा आणि चौकातली दुकानं आठवतात. विणकाम मात्र शहराच्या भोवतालच्या अशा गावांतूनही होतं. एका घरात मी बराच वेळ बसलो. माग जमिनीत खोदलेल्या खड्ड्यावर, विणकराचे पाय खड्ड्यातल्या पायट्यांवर. वर जेकार्डचे पत्ते, भोकं पाडलेले, एकामागून एक सरकणारे. डाव्या हातात ढरकी, म्हणजे धोटा. समोर ताण्याचे हजारो धागे आणि त्यांतला एक तुटलेला धागा तो बोटाला थुंकी लावून शोधत होता. धागा सापडला, गाठ मारली, पुन्हा खटाक. सूत त्याचं नव्हतं आणि नक्षीही त्याची नव्हती. दोन्ही 'गिरस्ता'ची. गिरस्त म्हणजे मजुरीवर साड्या विणून घेणारा, विणकर आणि शहरातला व्यापारी यांच्या मधला मालक. साडी दिली की मजुरी, आणि विणीत खोट निघाली तर मजुरीत कपात. खोट कोणती ते गिरस्त ठरवणार. माग पोरांनाही लवकर ओढून घेत असे.

या गावात लोक समितीचा आश्रम आहे. विणकरांच्या मुलांची शाळा, मुलींचं शिक्षण, हुंड्याशिवायचे सामूहिक विवाह, माहितीच्या अधिकाराखाली अर्ज करायला शिकवणं, असं काम तिथून चालत आलंय. मोठ्या योजना नाहीत, नेट लावून केलेली छोटी कामं. माहितीच्या अधिकाराचा अर्ज लिहिता येणारी एक सून घरात आली की कोटेदाराचं वजन आपोआप सरळ होतं, असं एका बाईंनी मला सांगितलं, आणि आपल्याच वाक्यावर त्या इतक्या खळखळून हसल्या की शेजारचा माग थांबला.

याच नागेपूरला २०१६ मध्ये पंतप्रधान नरेंद्र मोदींनी सांसद आदर्श ग्राम योजनेखाली दत्तक घेतलं. म्हणजे ज्या गावात सरकारला जाब विचारण्याची सवय आधीच रुजली होती, ते गाव सरकारच्या प्रमुखांच्या नावावर आलं. अंगणवाडी, रस्ते, पाणी, सौर दिवे अशा मागण्यांची यादी गावाकडे तयारच होती. यादी तयार असणं ही साधी गोष्ट नव्हे. दत्तक घेतलेल्या पुष्कळ गावांत यादी अधिकाऱ्यांनी तयार केली आणि गावानं ती फलकावर वाचली.

तसं पहिलं दत्तक गाव जयापूर. राजातालाबहून जक्खिनीच्या बाजूला गेलं की ते लागतं. योजना सुरू झाली ११ ऑक्टोबर २०१४ ला, जयप्रकाश नारायण यांच्या जयंतीला. प्रत्येक खासदारानं २०१९ पर्यंत तीन गावं आदर्श करायची, स्वतःचं किंवा जोडीदाराचं गाव घ्यायचं नाही, आणि वेगळा निधी नाही, आहेत त्याच योजना एकत्र आणायच्या, असं तिचं रूप. आपल्याकडे राज्यसभेचे खासदार असताना सचिन तेंडुलकर यांनी परांडा तालुक्यातलं डोंजा हे गाव याच योजनेत घेतलं होतं. मोदींनी ७ नोव्हेंबर २०१४ ला जयापूरला सभा घेतली. तेव्हा तिथल्या प्रधान होत्या दुर्गावती देवी. आपण गावाला दत्तक घेतलेलं नाही, गावानं खासदाराला दत्तक घेतलंय, अशा अर्थाचं ते त्या सभेत बोलले होते. गावाचा वाढदिवस साजरा करा, मुलगी जन्मली की झाडं लावा, मुलांना जेवणाआधी हात धुवायला लावा, असंही त्यांनी सुचवलं. मला त्या भाषणातला हाच भाग सगळ्यात चांगला वाटतो. या कामांना ना निविदा लागत, ना ठेकेदार. आणि बातम्यांत सगळ्यात मागे पडला तोही हाच भाग.

पुढे जयापूरवर मदतीचा पाऊस पडला. बँकेची शाखा आली, टपाल कार्यालय आलं, बसथांबा झाला. वेलस्पन कंपनीनं २५-२५ किलोवॅटचे दोन सौर प्रकल्प उभारून दिले. मुसहर या अत्यंत गरीब समाजासाठी 'अटल नगर' नावाची छोटी, टुमदार वसाहत झाली. घरोघर तयार बांधणीची शौचालयं बसली. या सगळ्यावर देखरेख होती खासदार सी. आर. पाटील यांची. निवडून येतात गुजरातच्या नवसारीतून, जन्मले आपल्या जळगाव जिल्ह्यात. काशीच्या पंचक्रोशीत मराठी माणूस पुन्हा आलाच. अहिल्याबाईंनी देऊळ उभारलं, पाटलांच्या वाट्याला गाव आलं.

अटल नगर मी पाहिलं तेव्हा दुपार होती. ओळीनं घरं, दारांत बायका पत्रावळींची पानं लावत बसलेल्या. ज्यांना गावाच्या शिवेबाहेर झोपडीत राहावं लागत होतं त्यांना पक्कं घर मिळालं, हे विसरून जयापूरला नावं ठेवणाऱ्यांनी एकदा इथं येऊन बसावं. पण पुढच्या काही वर्षांत वर्तमानपत्रांत दुसऱ्याही बातम्या आल्या: शौचालयं मोडली, काहींत सरपण भरलं, काही नळ कोरडे. या बातम्यांवर एक बाजू टाळ्या वाजवते आणि दुसरी चिडते. मला मात्र पारावरच्या एका माणसाचं बोलणं त्या दोन्हींहून मोलाचं वाटलं. तो म्हणाला, दिलं सगळं, पण मोडल्यावर दुरुस्त कोणी करायचं हे कोणी सांगितलं नाही. मी म्हटलं, पंचायत? तो म्हणाला, "पंचायत ने लगवाया होता तो पंचायत बनवाती." ज्यानं आणलं त्यानंच नीट करावं, असा त्याचा सरळ हिशेब. त्यात आळस नव्हता. जे गावाच्या ठरावातून आलं नाही ते गावाच्या जमाखर्चातही येत नाही. खेड्यातला माणूस हे नेमकं ओळखतो.

वाटेत भीमचंडी लागलं. पंचक्रोशी यात्रेचा हा दुसरा मुक्काम. धर्मशाळा, तळं, देऊळ. यात्रेकरूंची वर्दळ नव्हती म्हणून लगेच पुढे निघालो.

सेवापुरीला जायचं तर राजातालाबची रेल्वे उपयोगाची नाही. ते दुसऱ्या मार्गावर, भदोहीकडे जाणाऱ्या रुळांवर आहे. मी रस्त्यानं गेलो. इथं गांधी आश्रमाचं जुनं केंद्र आहे, खादी आणि ग्रामोद्योगाचं. मराठी माणसानं इथं यायचं कारण म्हणजे विनोबा.

विनोबा आणि काशी यांचं नातं जुनं. मार्च १९१६ मध्ये इंटरच्या परीक्षेला मुंबईला निघालेला विनायक नरहरी भावे सुरतेला उतरला आणि थेट काशीला गेला. हिंदू विद्यापीठाच्या समारंभात गांधीजींचं भाषण त्याच्या थोडं आधी, फेब्रुवारीत झालं होतं. संस्थानिकांचे दागिने आणि विश्वनाथाच्या गल्ल्यांतली घाण या दोन्हींवर त्यांनी बोट ठेवलं होतं. ते भाषण विनोबांच्या वाचनात आलं, पत्रव्यवहार झाला आणि ७ जून १९१६ ला ते अहमदाबादला कोचरब आश्रमात पोचले. ब्रह्मज्ञानासाठी काशीला आलेला मुलगा काशीतल्या घाणीबद्दलचं भाषण वाचून आश्रमात भाजी चिरायला जाऊन बसला. त्याच्या जन्मगावाचं, गागोद्याचं, नाव देशभर झालं ते या वळणामुळे.

छत्तीस वर्षांनी ते परत आले ते सेवापुरीला. पोचमपल्लीत १८ एप्रिल १९५१ ला भूदान सुरू झालं होतं. वर्षभरानं, एप्रिल १९५२ मध्ये, सेवापुरीला सर्वोदय संमेलन भरलं आणि पुढच्या दोन वर्षांत २५ लाख एकर जमीन मिळवायची असा संकल्प तिथं झाला. त्यानंतरच्या महिन्यात याच राज्यातल्या हमीरपूर जिल्ह्यात मंगरौठ गावानं आपली जवळजवळ सगळी जमीन ग्रामदानात दिली. ते देशातलं पहिलं ग्रामदान. भूदानापेक्षा ग्रामदानाची कल्पना मला अधिक भावते, कारण जमीनदारानं दान देऊन मोकळं व्हायचं, असा तिचा अर्थ नव्हता. जमीन गावाची, निर्णय ग्रामसभेचा आणि तोही सर्वानुमते, असा तिचा अर्थ होता. पुढे काय झालं ते जाणकार वाचकांना माहीत आहे. दानात आलेल्या जमिनीतली पुष्कळशी नापीक निघाली, पुष्कळशी कोर्टकचेऱ्यांत अडकली, बरीच कधी वाटलीच गेली नाही. विनोबा पदयात्रेत पुढच्या गावाला गेले की मागच्या गावात कागद पुरे करणारा माणूस उरत नसे. जयापूरच्या पारावरचं बोलणं आणि ही गोष्ट यांत मला फार अंतर दिसत नाही. देणारा थोर असो की सत्तावान, तो गेल्यावर दोरीचं टोक कोणाच्या हातात, हा प्रश्न तसाच राहतो.

अलीकडे, २०२० मध्ये, नीती आयोगानं सेवापुरी हा ब्लॉक आदर्श करण्यासाठी निवडला. जागा बदलत नाही, निवडणारे बदलतात. आणि विनोबांच्या विचारातून वाढलेल्या सर्व सेवा संघाची शहरातली राजघाटची वास्तू, जिथून ग्रामस्वराज्याची शेकडो पुस्तकं छापून गेली, ती जागेच्या मालकीच्या वादात ऑगस्ट २०२३ मध्ये जमीनदोस्त झाली. रेल्वेकडून रीतसर खरेदी केलेली जमीन आहे असं संघाचं म्हणणं, आणि खरेदीचे दस्तऐवज ग्राह्य नाहीत असं रेल्वेचं नि प्रशासनाचं.

या सगळ्यात बायका कुठे आहेत, असं कोणी विचारील. फलकावरच्या टिकलीएवढ्या फोटोत नाहीत, हे खरं. पण याच जिल्ह्यात २०१४ च्या सुमारास खुशियारी गावच्या बायकांनी हिरव्या साड्या नेसून हातात लाठ्या घेतल्या, त्यांचं नाव 'ग्रीन आर्मी' पडलं. बनारसच्या विद्यापीठातल्या काही विद्यार्थ्यांनी सुरुवातीला त्यांना लिहायला-वाचायला आणि स्वसंरक्षण शिकवलं. जुगाराचे अड्डे आणि दारूच्या भट्ट्या यांवर त्या जाऊ लागल्या, हुंड्यासाठी छळ होत असेल त्या दारात जाऊन बसू लागल्या. पुढे इतर गावांतही अशी पथकं झाली. आपल्याकडच्या दारूबंदीसाठीच्या आडव्या बाटलीच्या मतदानाशी याचं नातं उघड आहे. फरक इतकाच की आपल्याकडे बायकांना शासनाचा निर्णय आणि मतपेटीचा आधार आहे, तिथं बायकांनी तो लाठीत शोधला. विद्यार्थी शिकून नोकरीला लागले तरी लाठ्या गावातच राहिल्या, म्हणून हे उदाहरण मला जयापूरपेक्षा मोठं वाटतं.

इतकं फिरल्यावर माझं मत बनलंय ते असं. गावाला काय मिळालं, यावरून गावाचं पुढारपण मोजू नये. गावानं एकत्र बसून काय ठरवलं आणि कोणाला नाराज करून ठरवलं, यावरून ते मोजावं. या हिशेबात १८ पंचायतींची पत्रं सौर प्रकल्पांच्या वर बसतात, आणि भाऊबंदांच्या बोअरवेलवर ज्या दिवशी बैठक बसेल तो दिवस या पत्रांच्याही वर बसेल. आपण महाराष्ट्रातले लोक या बाबतीत फार मिरवतो. राळेगण, हिवरे बाजार, पाटोदा, मेंढा-लेखा अशी नावं घेतली की आपलं काम झालं असं आपल्याला वाटतं. पण राज्यात २७ हजारांहून अधिक ग्रामपंचायती आहेत आणि आपल्या तोंडी नावं येतात ती बोटांवर मोजण्याइतकी. त्यांतही आपण माणसाचं नाव आधी घेतो आणि सभेचं नंतर. मेंढ्याच्या लोकांनी मात्र आपल्या घोषणेतच सांगून टाकलंय की दिल्ली-मुंबईत आमचं सरकार आणि गावात आम्हीच सरकार. तिथं निर्णय सर्वसहमतीनं होतात, आणि २००९ मध्ये सामूहिक वनहक्क देशात पहिल्यांदा मिळाले ते त्या सभेच्या चिकाटीला.

वाचकांपैकी कोणी काशीला जाणार असाल तर एक दिवस राजातालाबसाठी ठेवा. सकाळी लवकर निघालात तर भाजीबाजार, मेहदीगंज, नागेपूर आणि जयापूर संध्याकाळपर्यंत होतात. दिवसभरासाठी ऑटो ठरवा, म्हणजे वाट शोधण्यात वेळ जात नाही. सेवापुरीला वेगळा अर्धा दिवस द्या. साडी घ्यायची असेल तर विणकराच्या घरी जाऊन घासाघीस करू नका, मजुरी किती पडते तेवढं विचारा आणि मग दुकानात जा. गावात गेलात की प्रधानाची चौकशी करण्याआधी शेवटची खुली बैठक केव्हा झाली, हे विचारा. आणि घरी परतल्यावर आपल्या गावची ग्रामसभा केव्हा आहे ते बघून तिला जाऊन बसा.